सहा शब्दांची ओळख

स्वतःचा निरोप दुसऱ्याच्या हाती कधीही न देणारा आणि दुसऱ्याच्या तोंडून आलेला निरोप कधीही न मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा विद्यार्थी होता. घोटावड्याच्या बाजूला एका हायस्कुलात मी तीस वर्षं मराठी शिकवलं. तेवढ्या काळात खोड्या करणारी, पळून जाणारी, खोटं बोलणारी मुलं पुष्कळ पाहिली. पण मुख्याध्यापकांनी बोलावलंय असं शिपायाने येऊन सांगितल्यावर जागेवरून न हलणारा हा एकटाच. शिपाई तीनदा येऊन गेला. शेवटी मुख्याध्यापक स्वतः वर्गाच्या दारात आले, तेव्हा हा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आता तुमी बोलावलंत. आलो." उद्धटपणाबद्दल त्याला छड्या बसल्या. त्या त्याने निमूटपणे खाल्ल्या, कारण त्या मुख्याध्यापकांनी स्वतःच्या हाताने मारल्या होत्या.

गावाकडचा सगळा कारभार निरोपावर चालतो. पाहुणे मुलगी बघायला येणार आहेत, विहिरीवरची मोटर जळली, अमक्याचं दुखणं वाढलं, हे सगळं दूधवाल्याबरोबर, दुकानदाराबरोबर, नाहीतर त्या वाटेने जाणाऱ्या कुणाहीबरोबर या गावाहून त्या गावाला जातं. त्याची मावशी कासारसाईला दिलेली. तिने एकदा दूधवाल्यापाशी निरोप ठेवला, की म्हैस व्याली, खरवस खायला ये. खरवसावर याचा फार जीव. हा सायकल काढून कासारसाईला गेला, ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "मावशे, तू मला काय सांगणार व्हतीस?" मावशी म्हणाली, "मेल्या, दूधवाल्यानं सांगितलं न्हाई व्हय?" "सांगितलं की. पण ते त्याचं सांगणं झालं. तुझं कुटं झालंय अजून?" मावशीने कपाळावर हात मारला, पण म्हैस कधी अडली इथपासून सगळं सांगायला बसली. आणि त्या सांगण्यात हळूहळू निघालं, की रेडकू जगलं नव्हतं आणि मावशी दोन दिवस जेवली नव्हती. हे तिने दूधवाल्याला सांगितलंच नव्हतं. दूधवाल्याला कोण सांगतं असलं? ही हकीगत त्याने मला बऱ्याच वर्षांनी ऐकवली आणि विचारलं, "आता तुमीच सांगा सर, निरोप पोचला व्हता का?"

या स्वभावामुळे त्याचं लग्न राहिलं. लग्नाला मध्यस्थ लागतो, आणि मध्यस्थ म्हटलं की याच्या कपाळाला आठी पडायची. त्याच्या आईने, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, एकदा फार खटपटीने पौडकडची एक मुलगी ठरवत आणली. हा गेला, पोहे खाल्ले, मध्यस्थाला अंगणात बसायला सांगितलं आणि मुलीला तिच्या वडिलांसमोरच विचारलं, की तुला खरंच लग्न करायचंय का? मुलगी म्हणाली, "न्हाई. मला शिकायचंय." याने तिच्या वडिलांकडे वळून सांगितलं, की ही न्हाई म्हणतीय. जणू वडील बहिरे होते. आक्का सहा महिने त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. त्या मुलीने पुढे खरोखर शिक्षण घेतलं, आणि पहिल्या पगाराचे पेढे द्यायला ती स्वतः घोटावड्याला आली. ती स्वतः आली, याचंच याला जास्त कौतुक.

हिंजवडीच्या एका कंपनीत त्याला चांगली नोकरी होती. तिथेही मेसमध्ये जेवायला गेला की वेटरला ओलांडून थेट आचाऱ्यासमोर उभा. आचारी म्हणायचा, "साहब, आप बैठो, आदमी आएगा." हा म्हणायचा, "आदमी कायको? मैं आया ना." ती नोकरी त्याने ज्या कारणासाठी सोडली ते ऐकून आक्कांनी दोन दिवस चूल पेटवली नव्हती. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या साहेबाने त्याला काम सांगणारी मेल पाठवली. याने सहज तपासून पाहिलं, तर ती मेल त्या खुर्चीपासून या खुर्चीपर्यंत यायला समुद्रापलीकडच्या कुठल्याशा संगणकातून फिरून आली होती. हा उठला आणि साहेबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी इथं आहे." साहेब म्हणाला, मेलवर उत्तर दे. त्या संध्याकाळी हा राजीनाम्याचा कागद घेऊन साहेबाच्या घरी गेला. मेलवर दिला असता तर तो वाटेत समुद्र ओलांडून आला असता ना.

त्यानंतर गावात घराच्या मागच्या खोलीत बसून त्याने आयुष्यातलं आपलं काम केलं. आपण फोनवरून एकमेकांना जे लिहितो ते आधी कुठल्यातरी कंपनीच्या दूरच्या संगणकात जातं आणि तिथून समोरच्याकडे येतं. त्याच्या रचनेत हा मधला संगणकच नव्हता. एका माणसाचं यंत्र थेट दुसऱ्या माणसाच्या यंत्राशी बोलायचं. गप्पांचं ॲप त्याने स्वतः बनवलं नाही. ते ज्यांना बनवायचं असेल त्यांना लागणारे भाग तासून, घासून तयार ठेवले. सुताराने चौकटी करून ठेवाव्यात आणि ज्याला घर बांधायचंय त्याने त्या न्याव्यात, तसं. अशा संचाला त्यांच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. ती त्याने सगळ्या जगासाठी मोकळी ठेवली, आणि कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तिच्यावर आपापली ॲप बांधू लागली. आक्का मला म्हणाल्या होत्या, "काय करतुयास म्हनून इचारलं तर म्हनतो, लोकांनी लोकांशी बोलावं म्हनून करतुया. म्या म्हनलं, आता काय लोकं मुकी हायेत व्हय?"

या लायब्ररीत माझाही एक वाटा आहे. मधे कुणी नसलं, की समोरचा माणूस तोच आहे हे सांगायलाही कुणी उरत नाही. म्हणून प्रत्येक यंत्राची स्वतःची एक लांबलचक संख्या असते, आणि ती माणसांना वाचता यावी म्हणून तो तिचे सहा शब्द करत असे. दोन माणसांनी एकदा समोरासमोर बसून आपापले सहा शब्द मोठ्याने वाचायचे, ते पडद्यावरच्या शब्दांशी जुळले की ओळख पक्की. पुढे ते शब्द आपोआप बदललेले दिसले तर समजायचं, की कुणी तोतया आलाय. इंग्रजी शब्दांच्या अशा याद्या होत्या. त्याला मराठी हवी होती, आणि ती माझ्याकडून. एक हजार चोवीस शब्द, आणि परदेशातल्यांनाही हेच, फक्त रोमन अक्षरांत. देवाचं नाव नको, जातीचं नको, पक्षाचं नको, शिवी नको, आणि वाऱ्यातही नीट ऐकू यायला हवा. ऐकू येतो की नाही हे त्याने अंदाजाने ठरवलं नाही. किती तरी रविवार आम्ही कासारसाईच्या धरणाच्या बांधावर गेलो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. मी ओरडायचो, "नांगर!" तो ओरडायचा, "नांगर!" मग "खेकडा", मग "उखळ", मग "भोपळा". सुट्टीला आलेली शहरातली मंडळी आमच्याकडे बघत मुलांना जवळ ओढून घ्यायची. एकदा म्हशी चारणाऱ्या एका म्हाताऱ्याने मधे येऊन विचारलं, "पाव्हनं, भांडताय का काय?" तो म्हणाला, "न्हाई बाबा, ओळख करून घेतोय." म्हातारा म्हणाला, "मंग जवळ जाऊन घ्या की."

आणि माझी चूक. ती मी लिहिली नाही तर पुढचं कळणार नाही. एका नव्या आवृत्तीच्या वेळी त्याने मला यादी पाठवली आणि तिच्यातले दोन शब्द बदलून द्यायला सांगितलं. यादी उघडली तर शब्द जसे सुचत गेले तसेच पडलेले. उखळानंतर जांभूळ, जांभळानंतर कोयता. जन्मभर मुलांना शब्दकोश बघायला शिकवलेल्या माणसाला ते बघवेना. मी दोन दिवस बसलो आणि अख्खी यादी अकारविल्हे लावून दिली. सरांनी बघितलंय म्हणून त्याने ती न तपासता जगापुढे ठेवली. संगणकाच्या दृष्टीने शब्दाला महत्त्व नव्हतं, यादीतल्या त्याच्या जागेला होतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचे सहा शब्द बदललेले. प्रत्येकाला आपला मित्र तोतया वाटू लागला, आणि ज्याने त्याने शिकवल्याप्रमाणे बोलणं बंद केलं. नंदुरबारच्या डोंगरात दोन टेकड्यांवर दोन छोटे दवाखाने चालवणाऱ्या एक डॉक्टरबाई आहेत. त्यांच्या दोन टेकड्यांमधे इंटरनेट नाही, पण वायरलेसच्या जोडणीवर त्याची लायब्ररी चालायची, आणि नवी आवृत्ती डॉक्टरबाई तालुक्याहून आणून दोन्हीकडे लावायच्या. तिथल्या नर्सने डॉक्टरबाईंचे शब्द वेगळे दिसल्याबरोबर लिहिणं थांबवलं आणि पेशंटची हकीगत सांगायला ती एक टेकडी उतरून दुसरी चढून गेली. हे ऐकून त्याला आनंद आवरेना. "बाई पक्की हाय," म्हणाला.

त्या दिवशी तो बावधनला माझ्या घरी आला. फोन केला नाही. चहा पूर्ण संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "सर, क्रम लई सुंदर लावलाय. फक्त जगात कुणी कुणाला ओळखंना झालंय." त्याने जुनी यादी परत लावली, आणि लोक विचारू लागले की हे कुणी केलं, तेव्हा लिहिलं, "माझ्याकडून झालं." माझं नाव त्याने कधीच कुणाला सांगितलं नाही. त्याऐवजी लायब्ररीच्या चर्चेच्या पानावर सगळ्यांत वर एक नवा नियम लिहून ठेवला. या लायब्ररीबद्दलची कुठलीही बातमी, लहान किंवा मोठी, त्याच्या यंत्रातून केलेल्या त्याच्या सहीची असेल तरच खरी धरायची. नाहीतर ती सांगणाऱ्याने आपल्यापैकी कुणासमोर तरी प्रत्यक्ष बसून शब्द वाचलेले असले पाहिजेत. फोनवरचा आवाज चालणार नाही, फोटो चालणार नाही, सरकारी कागद चालणार नाही. मी तो नियम वाचला आणि मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं.

त्याच्या लायब्ररीत दोन्हीकडची यंत्रं एकाच वेळी जागी असली तरच बोलणं व्हायचं. म्हणून संध्याकाळी पाच वाजता तो न चुकता संगणकासमोर असायचा, आणि जगभरच्या लोकांना ती वेळ माहीत होती. मी बावधनला निवृत्तीची दुपार वर्तमानपत्र वाचून संपवायचो आणि पाच वाजता त्याला लिहायचो. बहुतेक वेळा काहीच महत्त्वाचं नसायचं. पत्नी गेल्यानंतरच्या वर्षात तर मी नुसतं "आहे" एवढंच लिहीत असे. तोही लिहायचा, "मी पण."

मागच्या वर्षी तो गेला. वय बेचाळीस. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं तेव्हा मीही होतो. डॉक्टर आक्कांना आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात काही सांगू लागले, तर पलंगावरून याचा आवाज आला, "डॉक्टर, मी हितं हाय. माझं मला सांगा." डॉक्टर त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी त्याला सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि डॉक्टरांचे आभार मानले. मग आक्कांना जवळ बोलावून, डॉक्टरांचं एकही वाक्य न वगळता, स्वतः सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

दहावा झाल्यावर मला आठवण झाली, की जगातल्या त्याच्या माणसांना अजून कुणी कळवलेलं नाही. त्याचं यंत्र ज्या परवलीच्या शब्दाने उघडायचं, तो त्याच्याबरोबर गेला होता. मग लायब्ररीच्या चर्चेच्या पानावर मी माझ्या नावाने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. दोन दिवस लागले त्या लिहायला. उत्तर तासाभरात आलं, फार सभ्य भाषेत. तुम्ही कोण? आमच्यापैकी कुणासमोर शब्द वाचलेत? मी खरं ते लिहिलं, की फक्त त्याच्यासमोर. त्यावर दूरच्या कुणा देशातल्या माणसाने लिहिलं, की मग ते स्वतः येऊन तुमची ओळख देईपर्यंत आम्ही थांबू. दुसऱ्याने लिहिलं, की लायब्ररीचा धनी मेला असं सांगून ती बळकवायचा हा जुना डाव आहे. मी वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचा फोटो चढवला. असले फोटो हल्ली कुणीही बनवतं, असं म्हणून त्यांनी माझं सगळं लिखाणच काढून टाकलं.

मला राग आला नाही. त्याने शिकवलेलं त्यांनी किती नीट आत्मसात केलं होतं. आणि तो नियम तर माझ्याच चुकीतून आलेला. पण मी आक्कांना शब्द दिला होता, की त्याच्या माणसांना मी कळवीन. त्यांनी मागितलेली तेवढी एकच गोष्ट होती. "त्याच्या लोकांना वाटाया नगं, की त्यो न सांगता गेला," असं त्या म्हणाल्या होत्या. न सांगता जाणं हे त्यांच्या मुलाला शोभणारं नव्हतं.

मी घोटावड्याला जात राहिलो. ते पान कुणालाही वाचता यायचं, तेव्हा रोज पाचच्या सुमारास त्याच्याकरता आलेले प्रश्न मी आक्कांना मराठीत करून सांगायचो. अमुक भाग चालत नाही, काय करू? नवी आवृत्ती कधी? एकाने आपल्याला मुलगी झाल्याचं कळवलं होतं. आक्का हातातलं निवडणं थांबवून ऐकायच्या. त्यातलं त्यांना काही कळत नसणार, तरी एखादा प्रश्न लांबलचक असला की विचारायच्या, "लई अवघड इचारलंय का?" मी हो म्हटलं की त्यांना बरं वाटायचं.

शेवटी मी नंदुरबारच्या डॉक्टरबाईंना पत्र लिहिलं. काही वर्षांपूर्वी त्या घोटावड्याला येऊन, त्याच्यासमोर बसून शब्द वाचून गेल्या होत्या. पुढे बंगळूरला या लोकांचा मेळावा भरला तेव्हा त्यांनी दिवसभर इतरांबरोबरही वाचले होते, त्यामुळे त्यांना सगळे मानत. पत्र मिळताच त्यांनी फोन केला. म्हणाल्या, "सर, मला पटलंय. पण मला नुसतं पटून चालणार नाही. मला यावं लागेल." त्या रात्रीच्या गाडीने निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पिरंगुटला उतरून रिक्षाने दारात आल्या.

आक्कांनी त्यांना ओळखलं. जवळ घेतलं, पाणी दिलं. डॉक्टरबाईंनी त्याच्या खोलीत जाऊन थोडा वेळ काढला आणि डोळे पुसून बाहेर आल्या. मग ओसरीवर चटई टाकून आम्ही समोरासमोर बसलो. मी माझे सहा शब्द वाचले. त्यांनी त्यांचे वाचले. आक्का खांबाला टेकून दोघांकडे बघत होत्या. डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट फिरवत एकेक शब्द ताडून पाहिला आणि म्हणाल्या, "जुळले सर. आता तुम्ही लिहा, खाली माझी ग्वाही असेल. आता मानतील."

मी त्याच चार ओळी पुन्हा लिहिल्या. या वेळी फारसा वेळ लागला नाही. फक्त पाठवायचं बटण दाबायचं राहिलं होतं, तेव्हा आक्कांनी विचारलं, "सर, आता समद्यांला खरं वाटंल?"

"वाटेल, आक्का."

"म्हंजी मंग कुनी त्याला काय इचारायचं न्हाई."

मी मान हलवली.

"मंग उद्या सांगा," त्या म्हणाल्या. "आजच्या दिस तिकडं हाय तसा ऱ्हाऊ द्या त्याला."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतला. त्या मुक्काम करणार होत्याच. आक्का उठून स्वयंपाकाला लागल्या. पाचच्या सुमारास पानावर कुणीतरी त्याला लिहिलं, की तुमचा एक भाग मला दोन दिवस उलगडत नाहीये, सवडीने सांगाल का? मी तो प्रश्न आक्कांना वाचून दाखवला. चुलीपुढून त्यांनी मान वर केली नाही.

"इचारू द्या," म्हणाल्या.